बारा जणांच्या बोटीतून हेब्रिडीज आणि सेंट किल्डा

रानजाई (एडिंबरा)

पक्ष्यांच्या धाग्यावर स्कॉटलंडच्या बेटांवरच्या पफिन या समुद्रपक्ष्याचे फोटो टाकल्यापासून विपूत (विचारपुशीत) तेच प्रश्न येताहेत. बोट कुठून सुटते, खर्च किती, आईबाबांना नेता येईल का. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा धागाच काढते. इथे यूकेतले बरेच जण आहेत, जाऊन आलेल्यांनी भर घालावी.

आधी भूगोल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे बेटांच्या दोन माळा आहेत, त्याच हेब्रिडीज. आतल्या माळेत मल, स्टॅफा, कॉल, टायरी, रम, एग, स्काय वगैरे. बाहेरच्या माळेत लुईस-हॅरिसपासून खाली बॅरा, मिंगुलेपर्यंत. आणि त्याच्याही पलीकडे, नॉर्थ यूइस्टपासून पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटरवर, उघड्या अटलांटिकमध्ये सेंट किल्डा. हर्टा, सोय, बोररे, डून ही बेटं आणि समुद्रातून सरळ वर आलेले दोन-तीन सुळके. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, नेहमीची फेरीबोट नाही.

बोटी छोट्या असतात. बऱ्याचशा म्हणजे जुने मासेमारीचे ट्रॉलर, आत केबिन काढून घेतलेले. प्रवासी जास्तीत जास्त १२. हा आकडा हौसेचा नाही. १२ च्या वर प्रवासी घेतले की ब्रिटिश कायद्याने ते 'प्रवासी जहाज' ठरतं आणि नियमांचं सगळं जंजाळच बदलतं. म्हणून सगळे १२ वर थांबतात, काही जण आठवरच. कप्तान, एक मदतनीस, स्वयंपाक बघणारं कुणीतरी आणि एक निसर्गवाटाड्या एवढीच मंडळी. सुटायचं ठिकाण बहुधा ओबान. ग्लासगोहून रेल्वेने तीन-सव्वातीन तास, आणि तो रेल्वेप्रवासही खिडकीला नाक लावून बसण्याजोगा.

केबिन म्हणजे सेकंड क्लास स्लीपरचा वरचा बर्थ आणि बॅग ठेवायला त्याच्याखालचा कप्पा, एवढंच समजा. पाणी जपून वापरायचं. आंघोळ होते, पण नळ उघडा टाकून गाणी म्हणत नाही. फोनला रेंज बहुतेक वेळा नाहीच.

दिवस असा जातो. सकाळी नांगर उचलायचा, काही तास प्रवास, मग रबरी होडीतून एखाद्या बेटावर उतरायचं, दोन-तीन तास भटकायचं, परत बोटीवर. संध्याकाळी एखाद्या शांत खाडीत नांगर. जून महिन्यात रात्री साडेदहा-अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण झाल्यावरही लोक दुर्बिणी घेऊन डेकवरच.

आता मुद्द्याचं. माहितीपत्रकात 'सेंट किल्डा' मोठ्या अक्षरात असतं आणि 'हवामान अनुकूल असल्यास' बारीक. ते बारीक आधी वाचा. हर्टावर नांगर टाकायला धड जागा एकच, व्हिलेज बे. ती आग्नेयेला उघडी आहे. वारा पश्चिमेचा असेल तर डोंगराचा आडोसा मिळतो. आग्नेयेचा सुटला की लाटा सरळ आत येतात, मग कप्तान मुक्काम सोडाच, तासभरही थांबत नाही. त्यामुळे कार्यक्रम रोज सकाळी ठरतो. सेंट किल्डा 'करून यायचं' एवढाच हेतू असेल तर या बोटीवर जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. बोटीवर राहायचं आणि समुद्र नेईल तिथलं बघायचं, हे ज्यांना आवडेल त्यांनीच जावं.

विचारा काय विचारायचं ते.


शेवटची_कसारा

मस्त धागा. वाचतोय. फोटो कुठायत?


मृद्गंध

+१. पफिनचे फोटो इथेही टाक ना.


पुणेरी_पाटी

म्हणजे दोन-अडीच लाख मोजायचे, बर्थवर झोपायचं, पाणी जपून वापरायचं आणि वर बेट दिसेल याची खात्री नाही? छान आहे. आमच्याकडे याला फसवणूक म्हणतात.


रानजाई

पाटी, अंदाज बरोबर आहे. आठवड्याच्या फेरीला माणशी दोन हजार पौंडांच्या वरच जातात, बोटीप्रमाणे आणखीही. त्यात जेवणखाण सगळं येतं. पण फसवणूक कशी? ताडोब्यात जिप्सीचे पैसे भरता तेव्हा वाघाची पावती मिळते का?


पुणेरी_पाटी

ताडोबा निदान जागेवर असतो.


तांडेल_मालवण

पाटीसाहेब, हे आमच्या धंद्यातलं आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या समोर वेंगुर्ला रॉक्स आहेत, ज्यातल्या एकाला सगळे बर्न्ट आयलंड म्हणतात. गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी, वरती सुरय्यांची वसाहत. पूर्वी ती घरटी चोरून विकायचे, मग वनखातं आणि पक्षीमित्रांनी राखण केली. किनाऱ्यावरून स्वच्छ दिसतं ते बेट. पण तिथे होडी लावायची म्हटली तर मुंबैकर पाव्हण्याला वाटतं, समोर तर आहे! लाट खडकावर कशी फुटते ते बघूनच तांडेल ठरवतो. उतरताना सोपं असतं, चढताना पाय चुकला तर होडी आणि खडक यांच्यामध्ये माणूस. मतलई (जमिनीकडचा) वारा असेपर्यंत काम उरकायचं, दुपारी खारा (समुद्राकडचा) वारा सुटायच्या आत परत.

रानजाईताई, तिकडे भरती-ओहोटीचा फरक किती? आणि ओढ?


रानजाई

दादा, फरक बऱ्याच ठिकाणी उधाणाला चार मीटरच्या वर जातो आणि दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागांत ओढ जबरदस्त असते. जुरा आणि स्कार्बा यांच्यामध्ये कॉरीव्रेकनचा भोवरा आहे, तिथून कधी जायचं ते सर्वस्वी भरतीच्या कोष्टकावर. सेंट किल्डाला जाताना बहुधा साउंड ऑफ हॅरिस या सामुद्रधुनीतून जातात, ती तर उथळ आणि खडकांनी भरलेली. कप्तान त्या वेळात कुणाशी बोलत नाही. चहा नेऊन दिला तरी मान फक्त हलते.

होडीत उतरण्याची पद्धत सांगते, तुम्हाला ओळखीची वाटेल. हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. होडी लाटेबरोबर वर येते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. मदतनीस 'आता' म्हणाला की आताच. आमच्यात एक काका दर वेळी 'आता' ऐकून एक क्षण विचार करायचे. शेवटी त्यांना सांगितलं, तुम्ही डोळे मिटून घ्या.


तांडेल_मालवण

हाहाहा. तो काका सगळीकडे असतो. आमच्याकडे तो मोबाइलवर बोलत उतरतो.


अबोली७

मला बोट लागते. गेटवे ते मांडवा एवढ्यातही. मी हा धागा वाचणं बंद करू का?


रानजाई

अबोली, नको. आतल्या बेटांमधलं पाणी बहुतेक वेळा आडोशाचं असतं. खरा त्रास बाहेरच्या बेटांपलीकडे, जिथे अटलांटिकची लांब लाट लागते. ती लाट वारा नसतानाही असते. 'आतली हेब्रिडीज' म्हणून वेगळ्या फेऱ्या असतात, त्या घे. मल, लुंगा, स्टॅफा, रम, कॅना. प्राणीपक्षी कमी नाहीत, उलट देवमासे त्याच पट्ट्यात जास्त दिसतात.


डॉ_निशिगंध

गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याच्या आधी. पोटात ढवळायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो. स्टुजेरॉन बरेच जण घेतात, पण झोप येते आणि इतर औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. खाली केबिनमध्ये जाऊन पडू नका, डेकवर या, क्षितिजाकडे बघा, दुर्बीण आणि मोबाइल बाजूला ठेवा. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाकाने त्रास जातो की नाही माहीत नाही, पण तोंडाची चव तरी राहते.


शेवटची_कसारा

डॉक्टरांनी आलेपाक लिहून दिला!! कागद जपून ठेवा.


लंडनस्थ_विदर्भ

मी सेंट किल्डाला गेलो नाही, म्हणजे निघालो होतो तिथेच. त्यामुळे पाटी यांच्या प्रश्नाला मीच उत्तर द्यायला हवं.

पहिल्या संध्याकाळी कप्तानाने नकाशा पसरला. रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं होतं. तिकडे समुद्राचे भाग पाडलेले असतात, आमचा 'हेब्रिडीज'. आग्नेयेचा वारा, जोर (फोर्स) सहा, पुढे सात. त्याने रेडिओ बंद केला आणि बोट दक्षिणेकडे फिरवायचं ठरवलं, चर्चा नाही. एक जर्मन बाई तोंड पाडून बसल्या, त्यांची ही दुसरी खेप होती म्हणे.

मग आम्ही मिंगुलेला गेलो. हे बेट १९१२ साली रिकामं झालं. पश्चिमेला उभे कडे, त्यावर गिलेमॉट आणि रेझरबिल हे समुद्रपक्षी दाटीवाटीने, आणि बोट कड्याच्या पायथ्याशी इतकी आत नेली की वर बघताना मान दुखली. गिलेमॉट घरटं बांधत नाही, नुसत्या दगडाच्या कंगोऱ्यावर अंडं घालतो. पिल्लू पुरतं उडता येण्याआधीच कड्यावरून खाली पाण्यात उडी मारतं आणि बाप खाली वाट बघत असतो. आम्हाला त्या उड्या दिसल्या नाहीत, दिवस लवकरचे होते, पण वाटाड्याने ती जागा दाखवली आणि उंची बघून मला घाम फुटला.

परतीच्या वाटेवर कॉल बेटाजवळ बास्किंग शार्क. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा. पाठीवरचा पर आणि शेपटीचं टोक, दोन काळी त्रिकोणी शिडं पाण्यावर, आणि मध्ये भलंमोठं उघडं तोंड. प्लवक (पाण्यातले सूक्ष्म जीव) गाळत अगदी सावकाश चाललेला. कप्तानाने इंजिन बंद केलं आणि तो आमच्याकडे काडीचं लक्ष न देता बोटीच्या बाजूने गेला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, झाकणही काढलं नाही मी.

पैसे वसूल का? माझे झाले. जर्मन बाईंचे नाही झाले बहुतेक.


पुणेरी_पाटी

हे बरं लिहिलंत. पण जर्मन बाईंच्या बाजूने मी आहे.


वनस्पतीशास्त्री

थोडं विरजण घालतो, राग मानू नका. या बेटांवर माणसांनी मुळात जावंच का? २०२२ मध्ये बर्ड फ्लूने स्कॉटलंडच्या समुद्रपक्ष्यांची वाताहत केली. त्या वर्षी जुलैत २३ बेटांवर उतरायला बंदी घातली होती. ग्रेट स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी, ज्याला तिकडे बॉन्क्सी म्हणतात, त्याची यूकेतली संख्या जवळपास तीन चतुर्थांशाने घटली. जगातले निम्म्याहून जास्त बॉन्क्सी स्कॉटलंडमध्येच घरटी करतात. अशा वेळी डिझेल जाळत बारा-बारा लोकांनी कॅमेरे घेऊन जायचं आणि त्याला 'निसर्गप्रेम' म्हणायचं?


रानजाई

रास्त प्रश्न आहे, विरजण वगैरे काही नाही. मलाही तो पडला होता.

सेंट किल्डा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. उतरल्याबरोबर तिथला रेंजर समोर येतो, कुठे चालायचं कुठे नाही ते सांगतो. उतरण्याआधी बोटीवर बॅगा तपासतात, बूट धुवायला लावतात. बॅगा कशासाठी? उंदीर. एक गाभण उंदरीण बेटावर पोचली तर जमिनीत बिळं करणाऱ्या पक्ष्यांचा निकाल लागतो. हेब्रिडीजमधल्याच शियांट बेटांवर हेच झालं होतं. तिथले काळे उंदीर २०१५-१६ च्या हिवाळ्यात मोहीम काढून संपवले, २०१८ मध्ये बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली आणि स्टॉर्म पेट्रल हे छोटे समुद्रपक्षी पुन्हा तिथे घरटी करायला लागले. कॅनावरही त्याआधी असंच केलं.

लुंगावर तर उलटाच प्रकार. माणसं कड्यावर येऊन बसली की पफिन जवळ येतात, कारण माणसं असली की स्कुआ आणि मोठे कुरव लांब राहतात. मी गवतात बसले होते. चोचीत आडवे धरलेले सँडईल मासे घेऊन एक पफिन उतरला, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. चोचीत आधीचे मासे असताना पुढचा कसा पकडतो? जिभेने आधीचे टाळूला दाबून धरतो, टाळूला मागे वळलेले काटे असतात. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि टुणटुण चालत बिळात. बाहेर आला तो रिकामा.

हे सगळं म्हणजे समर्थन झालं असं नाही. डिझेलचा मुद्दा उरतोच. शिडाच्या बोटीही आहेत, पण वारा नसेल तेव्हा इंजिन त्याही लावतात.


वनस्पतीशास्त्री

उंदरांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण लुंगाची गोष्ट मला पुरेशी पटलेली नाही. एका बेटावर चालतं म्हणून सगळीकडे चालतं असं नाही. ज्या पक्ष्याला सँडईल मिळत नाहीत त्याला तुम्ही कितीही स्कुआ हाकलून दिलेत तरी काय?


लंडनस्थ_विदर्भ

शास्त्रीबुवा, तेवढ्यासाठी २०२४ पासून स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईल पकडायला बंदी घातली आहे. युरोपीय संघाने त्यावर वाद घातला, तरी बंदी टिकली.


मृद्गंध

माझा प्रश्न साधा आहे. शाकाहारी माणसाचं काय होतं?


रानजाई

बुकिंग करतानाच सांगायचं, कारण एकदा ओबान सोडलं की दुकान नाही. सांगितलंत तर हाल होत नाहीत. सूप, ताजा पाव, मसूर-भाज्यांचे प्रकार, चीज. तिखट मात्र विसरा. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिसऱ्या जेवणाला स्कॉटिश कप्तानच ती डबी मागून घ्यायला लागला, आणि शेवटी माझ्याच पानात उरली नाही.

मासे खाणाऱ्यांची चंगळ. वाटेत एखादी मासेमारी बोट भेटली की कप्तान हाक मारून खेकडे, लँगुस्टीन घेतो. ते तिकडे त्याला 'प्रॉन' म्हणतात, पण निघतो तो नांग्यांचा.


तांडेल_मालवण

बंदरातून घेतलेलं आणि बोटीवरून घेतलेलं, चवीत फरक असतोच. कोकम होतं का?


रानजाई

कोकम नव्हतं. लिंबू होतं.


तांडेल_मालवण

मग राहूदे.


भूगर्भ_सातारकर

स्टॅफाचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. तिथल्या फिंगल्स केव्ह या गुहेचे ते षटकोनी खांब म्हणजे आपलाच बेसॉल्ट. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो आणि भेगा खांबांसारख्या खाली जातात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ना, इमारतींच्या गराड्यात सापडलेली, तिथे हेच खांब उभे आहेत. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, स्टॅफाचा त्याहून थोडा अलीकडचा. आपला रियुनियनच्या तप्तबिंदूवरून (जिथे पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते ती जागा), त्यांचा आइसलंडच्या. मी स्टॅफाला दिवसाच्या बोटीने गेलो होतो, मलवरून. गुहेत लाट आत शिरते तेव्हा तळातून घुमल्यासारखा आवाज येतो तो रेकॉर्ड केला आहे, कुणाला हवा असल्यास सांगा. आणि गिल्बर्ट हिलला मुंबईकरांनी एकदा तरी जा हो, तिथे पौंड लागत नाहीत.


शेवटची_कसारा

आवाज पाठवाच. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी कॉलेजच्या काळात वडापाव खाल्लेत, मान वर करून बघितलं नाही कधी.


गोदाकाठ

सेंट किल्डावर लोक राहायचे ना? मला प्राण्यांपेक्षा त्यांचंच कुतूहल आहे.


रानजाई

गोदाकाठ, हा प्रश्न यायचीच वाट बघत होते.

राहायचे, हजारो वर्षं. शेवटचे ३६ जण २९ ऑगस्ट १९३० ला, स्वतःच्याच विनंतीवरून, नौदलाच्या जहाजात बसून निघून गेले. झाड नावाला नसलेल्या बेटावरून आलेल्या बऱ्याच पुरुषांना मुख्यभूमीवर काम मिळालं ते वनखात्यात. तिथे जन्मलेली शेवटची व्यक्ती २०१६ साली वारली, वय ९३.

त्यांचं जगणं मासेमारीवर नव्हतं, तेवढा समुद्र शांत मिळतच नाही. जगणं पक्ष्यांवर. गॅनेट, फुल्मार, पफिन. दोरांवरून कड्यांत उतरून अंडी, पिल्लं काढायची. मांस खायचं, फुल्मारच्या पोटातलं तेल दिव्याला, पिसं जमीनदाराला खंड म्हणून. मांस सुकवायला दगडी कोठ्या बांधल्या, त्यांना क्लीट म्हणतात. भिंतीत फटी ठेवलेल्या, वारा आरपार, वर गवताचं छप्पर. हर्टावर अशा बाराशेच्या वर आहेत. डोंगरभर, कड्याच्या अगदी टोकापर्यंत. मी एका क्लीटमध्ये वाकून शिरले तर आत सोय जातीची मेंढी उभी. ही मेंढरं लहान, तपकिरी, पूर्णपणे रानटी झालेली. १९८५ पासून शास्त्रज्ञ त्यांच्यातल्या प्रत्येकीला कानातल्या बिल्ल्यावरून ओळखून अभ्यास करताहेत. तिने मला ओलांडून जायला दारच नव्हतं, म्हणून मीच मागे सरकत बाहेर आले.

गावाची रांग अजून आहे. १८६० च्या दशकातली घरं, काहींवर छप्पर घातलंय. गाव सोडताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी ओटच्या दाण्यांची छोटी रास, असं सांगतात. आणि याच्या शेजारीच, रस्ता ओलांडला की, संरक्षण खात्याचं रडार केंद्र. १९५७ पासून आहे. बऱ्याच वर्णनांत ते गाळतात, फोटोतूनही कापतात. मला ते दिसलं ते बरं झालं, नाहीतर उगाच 'काळ थांबलेलं बेट' वगैरे लिहायला लागले असते.

युनेस्कोने सेंट किल्डाला निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी वारसा मानलंय, यूकेतलं असं एकमेव ठिकाण.


गोदाकाठ

ताई, हे वेगळा लेख म्हणून लिहा ना. आणि बोररेचं राहिलं.


रानजाई

बोररेवर सहसा कुणी उतरत नाही, बोट बाजूने नेतात. शेजारी दोन सुळके, स्टॅक ली १७२ मीटर आणि स्टॅक अन आर्मिन १९६ मीटर. लांबून वाटतं की दगडालाच वरून पांढरा रंग आहे. आधी वास येतो, आंबट, नाकात चढणारा. मग आवाज. मग कळतं की पांढरं ते सगळं गॅनेट, बसलेले, एकमेकांना चोच लागणार नाही एवढंच अंतर राखून. २०१३ च्या मोजणीत इथे जवळपास ६०,००० जोड्या होत्या. वर आकाशात आणखी हजारो, आणि त्यांची शिट सुद्धा. टोपी घाला, आणि वर बघताना तोंड बंद ठेवा, हा सल्ला कप्तानाचा.

गॅनेट पंख मागे घेऊन सूर मारतो तो अगदी बोटीजवळ बघितला. पाण्यात शिरण्याच्या क्षणी पंख पूर्ण मागे, अंग सुईसारखं. खप्पकन आवाज, पाण्याचा उंच फवारा, आणि काही सेकंदांनी तो बुचासारखा वर. मासा पाण्याखालीच गिळून.

याच स्टॅक अन आर्मिनवर १८४० च्या सुमारास ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला. वादळ आलं म्हणून त्याला चेटकीण समजून मारलं अशी गोष्ट आहे. पुढे काही वर्षांत जगातूनच तो पक्षी गेला.


वनस्पतीशास्त्री

हं. हे वाचल्यावर मी भांडायचं कशाला.


शिवाजीनगर_स्टँड

मी आणि बायको दोघंही साठीच्या पुढचे. तिचे गुडघे बरे नाहीत. मुलगी लीड्सला असते, ती म्हणते तुम्ही याच. खरं सांगा.


रानजाई

काका, खरं सांगायचं तर अख्ख्या आठवड्याची बोट काकूंना जड जाईल. केबिनमध्ये जायला उभी शिडी असते, होडीत चढउतर रोज, आणि लुंगासारख्या ठिकाणी उतरल्याबरोबर गोल दगडांवरून चालायचं. ओले गोटे, शेवाळ. तिथे मी तिशीतली माणसं चार पायांवर बघितली आहेत.

पण दिवसाच्या बोटी आहेत ना. मल बेटावरून किंवा ओबानहून स्टॅफा-लुंगा करतात. देवमासे बघायच्या फेऱ्या टोबरमोरीहून असतात, त्यात कुठे उतरावंच लागत नाही. मिंक व्हेल आणि डॉल्फिन बोटीवर बसल्याबसल्या. मलवर पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड आहेत, ते तर गाडीतूनही दिसतात. यूकेतले हे गरुड शिकारीने पार संपले होते, शेवटचा १९१८ मध्ये शेटलंडला मारला. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून रमवर सोडली, तिथून पसरले.

सेंट किल्डालाही दिवसाच्या जलद बोटी जातात, हॅरिसच्या लेव्हरबरोहून आणि स्कायहून. पण हॅरिसहूनसुद्धा येताजाता मिळून पाच-सहा तास आपटत जायचं. पाठीला, गुडघ्याला ते आठवड्याच्या बोटीपेक्षा वाईट.


शिवाजीनगर_स्टँड

धन्यवाद. मल ठरलं. काकूंना गरुडाचं सांगितलं, ती खूश.


अबोली७

मिंक व्हेलसाठी मी पण मल धरते. ऑर्का (किलर व्हेल) दिसतात का तिकडे?


लंडनस्थ_विदर्भ

क्वचित. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या ऑर्कांचा एक छोटा गट होता. आता त्यातले दोन नरच नियमित दिसतात, जॉन को आणि ॲक्वेरियस. जॉन कोच्या पाठीवरच्या पराला मागच्या बाजूने खाच आहे, त्यावरून ओळखतात. त्यांच्यातली लुलू नावाची मादी २०१६ मध्ये टायरीला मृत सापडली, मासेमारीच्या दोरांत अडकून. तिच्या चरबीत पीसीबी रसायनांचं प्रमाण प्रचंड निघालं. या गटात पिल्लू जन्मल्याची नोंदच नाही. म्हणजे हे दोघं गेले की तो गट संपला.

दिसले तर 'व्हेल ट्रॅक' ॲपवर नोंद करा. हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्टचं आहे, त्यांचं कार्यालय टोबरमोरीतच. काहीच दिसलं नाही तरी किती वेळ बघितलं याची नोंदही त्यांना हवी असते.


पुणेरी_पाटी

काहीच दिसलं नाही याची नोंद. हे मात्र मला जमेल.


मृद्गंध

शेवटचा प्रश्न, मग जागा सोडते. मला सुट्टी सप्टेंबरातच मिळते. गणपती झाल्यावर. अर्थ आहे का?


रानजाई

पफिन नसतील, ते जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात. कडेही रिकामे. सेंट किल्डाची फेरी धरू नकोस, वारे वाढलेले असतात आणि बोटीही त्या सुमाराला आवरत्या घेतात. पण आतल्या बेटांत मिंक व्हेल असतात. आणि रमला लॉक स्क्रेसॉर्ट या खाडीत मुक्काम असेल तर जागी राहा. रमच्या डोंगरात मँक्स शियरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या लाखावर जोड्या बिळांत घरटी करतात, सप्टेंबरात त्यांची पिल्लं पहिल्यांदाच बाहेर पडून थेट दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागतात. रात्रीच निघतात. बोटीच्या दिव्याला चुकून डेकवर येऊन पडतात म्हणून आमचा कप्तान दिवे मालवायला लावायचा. पडलंच एखादं, तर खोक्यात ठेवायचं आणि अंधारातच पाण्यावर सोडायचं. चोच तीक्ष्ण असते, हातमोजे ने.


मृद्गंध

हातमोजे लिहून घेतले. आणि शेंगदाण्याची चटणी, दोन डब्या.